जावयाच्या बांधावरचं झोळणं

मी फटफटीवर बसून लेकीच्या गावाला गेले, हे खरं आहे. वाटेत झाडाला झोळणं बांधून त्यात झोपले, हेही खरं आहे. बाकी मेढ्याच्या बाजारात जे ऐकायला मिळतं, की म्हातारीला वेड लागलं, म्हातारी वाटेत पडली, पोरानं आईला पोत्यात घालून नेली, त्यातलं पडल्याचं तेवढं खरं. तेही एकदाच. लोक सांगताना भर घालतात, म्हणून आपणच लिहून ठेवावं असं ठरवलं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे. तेवढ्यात जमेल तसं लिहिते.

आधी कारण सांगते. पौषातल्या थंडीत म्हातारं माणूस उगाच घर सोडत नाही.

आमचं गाव मेढ्याच्या पलीकडं डोंगरात आहे. भात आणि नाचणी पिकवतो. माझी लेक हौसा दिली ती पार जतच्या बाजूला, जिथं पाऊस वाट चुकून येतो. एवढ्या लांब सोयरीक कशी झाली असं सगळे विचारतात. माझे मालक आणि हौसाचे सासरे पहिल्या लढाईत एका पलटणीत होते. खंदकात बसून दोघांनी एकमेकांना शब्द दिला, तेव्हा हौसा पोटातसुद्धा नव्हती. पुढं दोघेही वारले, पण शब्द राहिला आणि हौसा तिकडं गेली.

आमच्यात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही आणि तिच्या छपराखाली मुक्काम करायचा नाही. हौसाला चौदा वर्षांत मूल झालं नाही. म्हणून चौदा वर्षांत मी तिचं घर पाहिलं नाही. दोन-तीन दिवसांची वाट तुडवायची, पोचल्यावर पाणीही प्यायचं नाही, आणि आल्या पावली फिरायचं. असं जाणार कोण? तीच माहेराला यायची. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालायला लागल्या आणि घाटात बंद पडायला लागल्या. तेव्हापासून तिचं येणंही थांबलं.

या दिवाळीनंतर जतकडचा एक घोंगडीवाला आमच्या गावात आला. दरवर्षी येतो. मी हौसाची खबर विचारली.

"औंदा गेलतो की आजी तुमच्या जावयाच्या घराकडं. आंगनात पोर खेळत हुतं."

"कुणाचं पोर?"

"घरचंच आसंल. जावयाच्या खांद्यावर बसलं हुतं. तुमची लेक रानात गेलती."

"माझ्या लेकीला मूल नाही."

"मग दुसरी केली आसंल की."

"असेल की म्हणजे? बाई बघितलीस का तू?"

"मी घोंगडी इकतो आजी, लोकांच्या बायका मोजत न्हाई."

मी घोंगडं घेतलं नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी सर्जाला सांगितलं, की दादूनं, म्हणजे माझ्या जावयानं, दुसरी बायको आणली असेल तर हौसाला घेऊन यायचं. सवतीची पोरं सांभाळायला मी ती दिलेली नाही.

सर्जेराव हा माझा धाकटा. लढाईत तो ब्रह्मदेशात फटफटीवरून चिठ्ठ्या पोचवायचं काम करत होता. सुटून आला तेव्हा पलटणीनं मोडीत काढलेली एक फटफटी घेऊन आला. तिला बाजूला एक डबा आहे, त्यात एक माणूस बसतं. हिशेब सरळ होता. जाताना डब्यात मी, येताना डब्यात हौसा, आणि मी सर्जाच्या मागं.

"आनि मुक्काम गं?" सर्जानं विचारलं. "आक्काच्या घरात तर तू ऱ्हानार न्हाईस. वाटंत कुनाकुनाच्या दारात पथारी टाकायची?"

"तूच सांग."

तो आत गेला आणि ट्रंकेतून एक खाकी गुंडाळी घेऊन आला. ब्रह्मदेशात एका अमेरिकन गोऱ्यानं त्याला ती दिली होती. उलगडली तर लांबलचक झोळणं. वर मेणकापडाचं छप्पर, चारी बाजूंनी मच्छरदाणी, आणि आत शिरायला एक दातेरी पट्टी. ती ओढली की उघडते, ओढली की मिटते. जंगलात जमिनीवर जळवा आणि साप, म्हणून शिपाई असल्या झोळण्यात झोपायचे म्हणे.

"दोन झाडं आसली की झालं घर," सर्जा म्हणाला. "कुनाचं छप्पर न्हाई का कुनाचं पानी न्हाई."

आमच्या डोंगरात झोळीत घालतात ते आजाऱ्याला. बांबूला घोंगडं बांधायचं, त्यात माणूस निजवायचं आणि दोघांनी खांद्यावर घेऊन मेढ्याच्या दवाखान्याला न्यायचं. गेलेल्यांतले थोडेच पायांनी परत येतात. त्यामुळं शेजारची पारूबाई दारात येऊन हात ओवाळायला लागली.

"आवं, जित्या मानसानं झोळीत निजू ने."

"मग मेल्यावर निजून काय करू?" मी म्हटलं आणि डब्यात बसले.

मलकापूर

डब्यात बसलं की जमीन कानाशी येते. गाडीत बसलेल्या माणसाला झाडं, डोंगर दिसतात. मला बैलांचे खूर, कुत्र्यांचे दात आणि लोकांचे गुडघे दिसले. अंगावर सर्जाचा लष्करी कोट, डोक्याला फडकं, तरी दात वाजत होते. सातारा येईपर्यंत माझ्या तोंडात इतकी धूळ गेली होती की चूळ भरली तर चिखल पडला. पुढं कृष्णा लागली. कऱ्हाडला सर्जानं लष्करी कापडाची पाण्याची पिशवी भरून घेतली. जतच्या बाजूला जावयाचं पाणी प्यायचं नाही, तर आपलं जवळ असलेलं बरं.

ऊन उतरताना मलकापुराच्या पुढं एका आंबराईत थांबलो. शेजारी विहीर होती. सर्जा दोर बांधायला लागला. त्याची गाठ मला काही पटली नाही. मी सात पोरं झोळीत वाढवली आहेत. मला गाठ शिकवतो?

"आये, ही पलटनीची गाठ हाय."

"आणि ही तुझी गाठ आहे. तू हिच्यात वाढलास," असं म्हणून मी त्याची गाठ सोडली आणि माझी मारली. ओढून बघितली. घट्ट होती. आत चढले, पाय वर घेतले आणि धाडकन जमिनीवर आले. माझी गाठ तान्ह्या पोरासाठी होती, साठी ओलांडलेल्या बाईसाठी नव्हती. हे मला आधी सुचायला हवं होतं. सर्जा हसला नाही. तोंड फिरवून उभा राहिला, खांदे हलत होते.

मग पलटणीची गाठ. सर्जा फटफटीच्या आडोशाला खाली झोपला.

पहाटे मला उठायचं होतं, तर ती दातेरी पट्टी अडकली. वरही जाईना, खालीही येईना. आतून मी हलवते आहे, हाका मारते आहे, आणि सर्जा लढाईत तोफांच्या आवाजात झोपायला शिकलेला. तेवढ्यात विहिरीवर बायका आल्या.

"आगं बया! पिशवीत मानूस हाय!"

"जित्तं हाय का?"

"हालतंय की!"

"जिवंत आहे," मी आतून म्हटलं. "तिथं खाली माझा मुलगा झोपलाय. त्याला लाथ मारा आणि उठवा."

एकीनं खरंच मारली. सर्जानं पट्टीला साबण चोळला तेव्हा ती सरकली. मेढ्याच्या बाजारात पोतं कुठून आलं ते यावरून कळेल.

लाथ मारणारी बाई चांगली निघाली. नाव शेवंता. तिनं घरी नेऊन चुलीपुढं बसवलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला. आमची भाकरी नाचणीची, काळी आणि जड. हिची पांढरी, पातळ, पापुद्रा असा सुटलेला की फुंकर मारली तर उडावा. मी तीन खाल्ल्या. कुठं निघालात विचारल्यावर सगळं सांगितलं. रीतही सांगितली.

"आमच्यातबी हाय की ती रीत," शेवंता म्हणाली. "माजी आई कवाच आली न्हाई माज्या घरी. मला धा वर्सांनी पोर झालं. तवर आई गेली."

ती तव्यावरची भाकरी उलटत होती. मी भाकरी चांगली झाली आहे, एवढं सांगितलं.

"परत येताना या," ती म्हणाली. "काय झालं ते सांगून जावा."

कडेगावच्या अलीकडं

दुसऱ्या दिवशी दोनदा चाकात काटा गेला. पहिल्यांदा सर्जानं शिट्टी वाजवत टायर काढलं. दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली नाही. गाडी दुरुस्त होईतो दिवस कलला. जवळच उसाच्या मळ्यात गुऱ्हाळ चाललं होतं, तिकडं गेलो.

आमच्याकडं गूळ येतो तो दुकानातून, फडक्यात बांधून, आणि पाहुणे आल्याशिवाय डबा उघडत नाही. इथं कढईच एवढी मोठी की त्यात आमच्या घरची सगळी माणसं बसतील. बैल गोल फिरत होते, चरकातून रस येत होता. गुळव्या, म्हणजे गूळ उतरवणारा माणूस, कढईकडं असा बघत उभा होता जसा मी तान्ह्या पोराकडं बघायचे. नजर हलवायची सोय नाही. त्यानं उसाच्या पेराला गरम गूळ लावून दिला. वर रस, मग काकवी, मग पुन्हा गूळ. मी नको म्हटलं नाही. त्याचे परिणाम पहाटे भोगले, ते इथं लिहीत नाही.

मळ्याचा मालक मिशीवाला, बोलायला मोकळा. कुठं जाता, कशाला जाता, सगळं विचारून घेतलं.

"आवं आजी, दुसरी केली तर काय झालं? पोर न्हाई तर बापय मानूस करनारच की. लय जनांनी केल्यात."

"तुम्हाला किती?"

"बायका? येकच."

"मग गप बसा."

गुळव्या कढईकडं बघतच हसला. मालकही हसला आणि त्यानं एक लहान ढेप फडक्यात बांधून दिली. "लेकीला द्या. भांडान झालं तर जावयाच्या डोस्क्यात घाला."

पाटाच्या कडेला दोन चांगली झाडं होती. त्या रात्री नीट झोपले. एक गोष्ट कबूल करायला हवी. घरी जमिनीवर झोपते तेव्हा सकाळी उठायला मला भिंत धरावी लागते. झोळण्यात पाठ दुखली नाही. गुडघाही बोलला नाही. बाकीच्या म्हाताऱ्यांनी हसण्याआधी एकदा झोपून बघावं. पट्टी मात्र पूर्ण मिटू नये.

खानापूरच्या पुढचा माळ

विट्यापासून झाडं विरळ होत गेली आणि खानापूर सोडल्यावर जवळजवळ संपलीच. मी डोंगरातली बाई. कुठं बघितलं तरी नजरेला काहीतरी आडवं यायची सवय. इथं आडवं काहीच नव्हतं. तांबडा-काळा माळ, कुसळं आणि वारा. बघून आधी भीती वाटली. नंतर असं वाटलं की इथं कुणी लपून येऊ शकणार नाही, तेही काही वाईट नाही.

पण झोळण्याला दोन झाडं लागतात. दिवस मावळायला आला तरी एकच बाभळ सापडली. सर्जा म्हणाला, एक टोक बाभळीला बांधू, दुसरं फटफटीला. चाकांना दगड लावले. मी आत बसले तशी फटफटी माझ्याकडं यायला लागली.

"अव्वा!" कुणीतरी ओरडलं. "गाडी याय लागली की अंगावर!"

एक मेंढका होता. जवळच त्याची मेंढरं बसली होती, भोवती जाळीचं कुंपण. त्याला ते वाघर म्हणतात. इथून पुढं कानडी मुलूख जवळ, म्हणून म्हाताऱ्या बाईला अव्वा म्हणतात. त्यानं वाघरीच्या चार मेखा आणल्या आणि डब्यामागं तिरप्या ठोकल्या. मग गाडी हलली नाही. पलटणीची गाठ, गोऱ्याचं झोळणं आणि मेंढक्याच्या मेखा, असं तिघांचं मिळून माझं घर उभं राहिलं.

त्यानं शेळीचं दूध दिलं, आम्ही त्याला गूळ दिला. मी दादूचं गाव आणि नाव सांगून विचारलं, ओळखतोस का?

"ओळखतो की. बांधावर एकच बाभळ हाय त्येंच्या. लय भला मानूस. गेल्या साली त्येंच्या घरची पोर आजारी हुती, तवा आमच्या शेळीचं दूध न्यायची त्येंची बाई. मैलभर चालत यायची रोज."

"कसली बाई? कशी दिसते?"

"सावळी, उंच. लय भांडती. दूध कमी दिलं म्हनून माज्या बापाला काठी घिऊन मारायला धावली."

ती हौसाच. उंच, सावळ्या बाया पुष्कळ असतात, पण दुधासाठी काठी घेणारी माझीच. म्हणजे घोंगडीवाल्यानं बघितलेलं पोर खरं. आणि माझी लेक सवतीच्या पोरासाठी मैलभर चालत दूध वाहते. मला इतका राग आला की राहिलेलं दूध मी सर्जाला देऊन टाकलं.

"आये, आदी जाऊन बघू की," सर्जा म्हणाला.

"बघायचंच आहे," मी म्हटलं. "तू डबा रिकामा ठेव म्हणजे झालं."

जावयाचा बांध

चौथ्या दिवशी दुपारच्या आधी पोचलो. मेंढक्यानं सांगितलेली बाभळ दिसली. घर रानातच होतं, दगडमातीचं, धाब्याचं. रस्त्याच्या कडेला एक कडुलिंब होता. रस्ता जत संस्थानचा, म्हणून लिंब संस्थानचा. बाभळ जावयाच्या बांधावरची. दोघांमध्ये झोळण्याला हवं तेवढंच अंतर. तिसरं झाड नजरेच्या टप्प्यात नव्हतं.

"जावयाच्या झाडाला बांधलं तर त्याच्या घरी मुक्काम केल्यासारखं होतं का रे?" मी सर्जाला विचारलं.

"त्ये काय मला पलटनीत शिकवलं न्हाई."

आम्ही असा वाद घालत उभे होतो. फटफटीच्या आवाजानं घरातून माणसं बाहेर आली. पुढं माझी विहीण, काटकुळी, हातात काठी. तिच्यामागं दादू. आणि ज्वारीच्या रानातून हौसा पळत आली. चार वर्षांनी बघितली. केसांत पांढरं दिसलं. तब्येत ठीक होती.

विहीणबाईंना रीत माझ्याइतकीच माहीत. त्यांनी घरात या असं म्हटलं नाही, नाहीतर मला नाही म्हणावं लागलं असतं. झोळण्याकडं बघून म्हणाल्या, "डोस्कं कुनीकडं करनार विहीनबाई?"

"लिंबाकडं."

"म्हंजी डोस्कं संस्थानात आनि पाय जावयाच्या रानात. चालंल. खातंय ते डोस्कं, पाय काय खात न्हाईत."

बाई हुशार होती. पण मी हसायला गेले नव्हते. सरळ विचारलं, "दुसरी कुठं आहे?"

"दुसरी काय?" दादू म्हणाला.

"बायको."

दादू सर्जाकडं बघायला लागला. हौसा मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दुसरी? आगं हितं येकीला पानी पुरंना! तुला कुनी सांगितलं?"

"घोंगडीवाल्यानं पोर बघितलंय."

तेवढ्यात ते पोर घरातून बाहेर आलं. तीनेक वर्षांची मुलगी, हातापायांच्या काड्या, डोळे मोठे. फटफटीकडं बघत हौसाच्या मागं उभी राहिली. नाव गंगू.

हौसानं सांगितलं ते असं. दादूची बहीण बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळंतपणातच गेली. मूल कमी दिवसांचं, मुठीएवढं. बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, मुलीला न्यायला आलाच नाही. हौसानं ती घेतली. कापूस दुधात भिजवून तोंडात पिळायची. नंतर शेळीचं दूध. गेल्या वर्षी तापानं जायला आली होती, त्यातूनही वाचली.

"तीन वर्षं झाली," मी म्हटलं. "एक पत्र घालायला काय झालं होतं? मला वाचता येतं."

"मास्तराकडनं लिवून घ्यायचं हुतं. दोनदा गेलते. दोनदाबी दारातनं फिरले." हौसा गंगूकडं न बघता बोलत होती. "पोर जगंल का न्हाई, ठावं नव्हतं. तुला कळीवलं आसतं आनि पोर गेली आसती, तर तू काय म्हनली आसतीस?"

"काय म्हणणार?"

"म्हनूनच न्हाई कळीवलं."

सर्जा उगाच फटफटीचं चाक तपासायला बसला.

संध्याकाळी मी लिंबाखाली माझी शिदोरी सोडली. हौसा ताट घेऊन बांधापर्यंत आली. भाकरी, हुलग्याचं पातळ माडगं, कांदा. बांधाच्या पलीकडं उभी राहिली.

"आता तरी जेवतीस का?"

मी विहीणबाईंकडं बघितलं. त्या दारात बसल्या होत्या.

"पोटचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला बी वाटतंय त्यांनी जेवावं. पर नेम मोडला आनि पोरीला काय झालं तर? कशी वाचलीया माजी मला ठावं."

त्यात खोटं काही नव्हतं. मीही रीत मोडणारी बाई नाही. मी नाही म्हटलं. हौसा ताट घेऊन परत गेली. मी चार दिवसांची भाकरी कऱ्हाडच्या पाण्यात भिजवून खाल्ली. सर्जा भाऊ, त्याला रीत लागत नाही. तो आत जाऊन पोटभर जेवून आला आणि माझ्याकडं पाठ करून झोपला.

सकाळी उठून मी लिंबाच्या बुंध्याशी मशेरी लावत बसले होते. हौसा अंगणात जात्याशी बसून दळत होती. पाठ माझ्याकडं. गंगू उठून आली. थंडीनं नाक वाहत होतं. ती हौसाच्या मागं गेली, तिचा पदर ओढला, त्याला नाक पुसलं आणि गेली कोंबड्यांमागं. हौसानं वळून बघितलं नाही. जातं थांबलं नाही. पदर नुसता खांद्यावर पुन्हा टाकला, ओला तसाच.

मी सात पोरं वाढवली, त्यांतली चार राहिली. कुठलं पोर कुणाच्या पदराला नाक पुसतं ते मला कळतं. परक्या बाईचा पदर ओढण्याआधी पोर तिच्या तोंडाकडं बघतं. हिनं बघितलं नाही.

मी चूळ भरली, लुगडं झटकलं आणि बांध ओलांडला. अंगणातून सरळ दारात गेले. विहीणबाई काठी धरून उठल्या.

"आवं विहीनबाई, नेम?"

"नेम मूल होईपर्यंतचा आहे," मी म्हटलं. "मूल झालंय. ते बघा, कोंबड्यांमागं पळतंय."

"पर पोटचं..."

"कुणाच्या पोटचं ते माझ्या नेमात लिहिलेलं नाही. आणि तिला काही होणार असतं तर मागंच झालं असतं. तुमच्या सुनेनं होऊ दिलं नाही."

विहीणबाईंनी गंगूकडं बघितलं. मग आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. तर तांब्या घेऊन आल्या, काठी तिथंच टाकून, दोन्ही हातांनी धरून. त्या मुलखात तांब्याभर पाणी कुणीही तसंच धरतं. मी प्याले. पाणी मचूळ होतं.

हौसानं जातं सोडलं, चूल पेटवली. घाईत पीठ नीट मळलं गेलं नाही, हे मी बघत होते. ताट आलं. दादू, सर्जा, विहीणबाई सगळे दारात उभे, जसं काही मी विष खाणार होते. गंगू माझ्यासमोर येऊन बसली. मी पहिला घास खाल्ला.

"जाड झाली," मी म्हटलं. "आणि कड कच्ची राहिलीय."

हौसा तव्यापाशी बसून हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसले, तोच नाक पुसलेला पदर. "मग उद्या तू कर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी केल्या. ज्वारीच्या पिठाची माझ्या हाताला सवय नाही. तीन तव्यावर जाण्याआधीच तुटल्या. विहीणबाईंनी तोंडावर सांगितलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही सांगितलं असतं.

तीन दिवस राहिले, त्यांच्या छपराखाली, जमिनीवर. झोळण्यात गंगू झोपली. उठवायला गेलं की आतून पट्टी मिटून घ्यायची. निघताना सर्जानं दोर सोडायला हात घातला, तशी तिनं असा सूर काढला की त्यानं हात मागं घेतला. झोळणं राहिलं तिथंच. तसंही बाभळ त्यांचीच होती.

डब्यात येताना हौसा बसायची होती. मीच बसले. मांडीवर एक घोंगडं होतं, विहीणबाईंनी दिलेलं. पाडव्याला सर्जा पुन्हा जाणार आहे आणि हौसा गंगूला घेऊन माहेराला येणार आहे. डब्यात दोघी मावतात. निघण्याआधी बसवून बघितल्या.

मलकापूरला शेवंताच्या दारात थांबलो. झोळणं नव्हतं, म्हणून तिच्या सोप्यात झोपलो आणि सकाळी मला उठायला भिंत लागली. पण ते नंतरचं. आम्ही गेलो तेव्हा ती विहिरीवरून घागर घेऊन येत होती. घागर डोक्यावर तशीच ठेवून तिनं विचारलं, "जेवलासा?"

"जेवले."

"लेकीच्या घरात बसून?"

"चुलीसमोर बसून."

तिनं घागर खाली उतरवली. "कशी हुती भाकरी?"

"जाड," मी म्हटलं. "दोन खाल्ल्या."